अंतराळयानाच्या मॉडेलचं रंगकाम आणि वेदरिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेदरिंग म्हणजे मॉडेल जुनं, वापरलेलं दिसावं म्हणून त्यावर डाग, गंज आणि झीज रंगवणं. ही सगळी उत्तरं 'स्टार वॉर्स' चित्रपटांतल्या 'मिलेनियम फाल्कन' या यानाच्या १/७२ आणि १/१४४ प्रमाणातल्या प्लॅस्टिक किटवर काम करता करता तयार झाली आहेत. तुमच्या टेबलावर दुसरं एखादं यान असेल तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील. एक मुद्दा मात्र पुन्हा पुन्हा येणार आहे, तो सुरुवातीलाच सांगतो. मॉडेलवरच्या प्रत्येक डागाला कारण हवं. डाग कशाचा आणि तिथेच का, हे सांगता येत नसेल तर तो काढू नका.

सुरुवातीला फाल्कनच का घ्यावं? सोपं यान नाही का?

सोपी यानं आहेत, पण शिकण्यासारखं इतकं एका जागी क्वचितच मिळतं. मोठे सपाट पॅनल आहेत, मधल्या खाचांत नळ्यांचा आणि यंत्रांचा गच्च पसारा आहे, वेगवेगळ्या रंगांचे तुकडे आहेत, मागे इंजिनाची लांब पट्टी आहे. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'साठी याचं जे मूळ मॉडेल बनवलं ते सुमारे पाच फुटांचं होतं. त्यावरचे बारीक तपशील बनवणाऱ्यांनी रणगाडे, विमानं आणि इतर किटांचे सुटे भाग काढून चिकटवले होते. म्हणून तुमच्या किटवर एखादा भाग ओळखीचा वाटला, तर तो कदाचित खरोखरच एखाद्या रणगाड्याच्या किटमधून आलेला असेल.

दुसरं कारण असं की हे यान मुळातच जुनं, ठिगळं लावलेलं, मालवाहू म्हणून कल्पिलेलं आहे. त्यावर जुनेपण उपरं वाटत नाही.

सगळं पहिल्यांदाच करत असाल तर १/१४४ चं किट घ्या. चुका स्वस्तात होतात आणि काम महिन्याभरात हातावेगळं होतं. १/७२ चं, बांदाई या जपानी कंपनीचं २०१७ मध्ये आलेलं किट जवळजवळ अर्ध्या मीटरचं आहे. ते पूर्ण करायला मला रविवार आणि रात्री धरून चार महिने लागले.

अंतराळात हवा नाही, पाणी नाही. मग गंज, ओघळ आणि काजळी कुठून येणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि मला तो फार आवडतो, कारण उत्तर शोधता शोधता वेदरिंग कसं करायचं तेच समजतं.

फाल्कन सतत अंतराळात नसतं. ते ग्रहांवर उतरतं, वाळूत आणि चिखलात उभं राहतं, पावसात भिजतं, पुन्हा वातावरण फाडून वर जातं. म्हणजे त्यावर दोन वेगवेगळ्या प्रकारचे डाग हवेत. यान उभं असताना तेल, पाणी आणि गंज खालच्या दिशेने वाहतात. ते वेगात असताना काजळी पुढून मागे ओढली जाते. या दोन दिशा मनात पक्क्या असल्या की निम्मं काम झालं. नवशिक्याच्या मॉडेलवर मला सगळ्यात आधी दिसते ती चूक म्हणजे सगळ्या रेषा एकाच बाजूला किंवा कुठेही कशाही मारलेल्या असतात.

खरी यानंसुद्धा डागाळतात. 'डिस्कव्हरी' हे स्पेस शटल ३९ उड्डाणं करून आलं. २०१२ पासून ते अमेरिकेत व्हर्जिनियातल्या उदवार-हेझी केंद्रात ठेवलेलं आहे, आणि उड्डाणांच्या खुणा त्यावर तशाच आहेत. त्याच्या बाजूच्या पांढऱ्या टाइल्सचे फोटो मोठे करून पाहा. करड्या-तपकिरी ओढी पुढून मागे गेलेल्या दिसतील, आणि बदललेल्या नव्या टाइल्स जुन्यांच्या शेजारी वेगळ्या चमकताना दिसतील. फाल्कनवरचे वेगळ्या रंगाचे पॅनल हीच गोष्ट सांगतात : काहीतरी तुटलं, मिळेल ते बसवलं.

संदर्भासाठी चित्रपटातले फोटो पुरतात का?

आकारासाठी आणि कुठला पॅनल कुठल्या रंगाचा आहे यासाठी पुरतात. डागांसाठी मात्र खऱ्या वस्तू बघा. पडद्यावरच्या फोटोत प्रकाश, धूर आणि छपाईतले फरक मिसळलेले असतात, त्यामुळे डागाची कड कशी असते ते कळत नाही.

मुंबईत असाल तर एक सकाळ ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्यावर घालवा. ट्रॉलरच्या नाळेपाशी, नांगराच्या साखळीच्या भोकाखाली जो गंजाचा ओघळ असतो तो नीट बघा. वर उगमाशी तो अरुंद आणि गडद असतो, खाली येता येता फिकट होतो, आणि मध्येच एखाद्या वेल्डिंगच्या उंचवट्याला अडून दोन फाट्यांत विभागतो. जवळपास बंदर नसेल तर एसटीचा डेपो गाठा. जुन्या गाडीच्या खिडकीखाली, रिव्हेटच्या ओळीखाली, डिझेलच्या झाकणाखाली तेच दिसेल. फोनवर फोटो काढून ठेवा आणि रंगवताना समोर लावा. मी माझ्या फाल्कनच्या मागच्या भागावर काढलेले तेलाचे डाग थेट एका एसटीच्या टाकीखालून उचलले आहेत.

१९७७ चं फाल्कन बनवू की १९८० चं? फरक काय?

ठरवा आणि मग बदलू नका. १९७७ च्या मॉडेलला उतरण्यासाठी तीन पाय होते, १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या पुढच्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात पाच झाले. १९८० च्या चित्रपटासाठी सुमारे ३२ इंचांचं लहान मॉडेल नव्याने बनवलं गेलं आणि त्याचे तपशील मोठ्यापेक्षा जागोजागी वेगळे आहेत. रंगीत पॅनलांच्या जागांतही फरक आहेत. त्याच चित्रपटासाठी १९७९ मध्ये वेल्समधल्या पेम्ब्रोक डॉक इथे पूर्ण आकाराचं फाल्कनही उभारलं होतं, तेव्हा तोही एक तिसरा संदर्भ झाला. तिन्हींचे फोटो एकत्र करून रंगवलं तर कुठलंच नीट जमत नाही.

आधी पूर्ण जोडायचं की सुटं रंगवायचं?

वरचं कवच, खालचं कवच, कॉकपिट, तोफा, पाय, अँटेनाची तबकडी आणि इंजिनाची पट्टी इतके गट वेगवेगळे ठेवा. प्रत्येक गट आतून पूर्ण जोडा, मग रंगवा. कडेच्या भिंतींतले यंत्रभाग वेगळे रंगवून नंतर बसवले तर मास्किंगचा, म्हणजे नको तिथे रंग लागू नये म्हणून टेपने झाकण्याचा, बराच त्रास वाचतो.

जोडण्याआधी सगळे भाग कोमट पाण्यात दोन थेंब भांड्यांचं लिक्विड घालून धुवा आणि रात्रभर वाळू द्या. साच्यातून निघताना लागलेलं तेल राहिलं तर रंग तिथे धरत नाही.

एअरब्रश लागतोच का?

एअरब्रश म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेने रंग फवारणारं पेनसारखं साधन. मूळ रंगासाठी आणि छटांसाठी तो लागतोच असं मी म्हणेन. वेदरिंग मात्र जवळजवळ सगळं ब्रश, स्पंज आणि कापसाच्या काड्यांनी होतं. एअरब्रश परवडत नसेल तर मूळ रंग स्प्रे कॅनने मारून घ्या आणि पुढचं हाताने करा. फक्त स्प्रे कॅन विमानातून पाठवता येत नाहीत, त्यामुळे बाहेरून मागवताना वेळ लागतो आणि कधी मिळतही नाहीत, हे लक्षात ठेवा.

घेणार असाल तर ०.३ मिलिमीटर नोझलचा, वर कप असलेला, डबल ॲक्शन (एकाच बटणाने हवा आणि रंग दोन्ही कमीजास्त करता येणारा) एअरब्रश घ्या. मूळ रंगासाठी १५ ते २० पीएसआय दाब, बारीक डागांसाठी १० ते १२. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप हवाच.

पेणच्या एखाद्या गणपतीच्या कारखान्यात जायची संधी मिळाली तर जरूर जा. तिथले रंगारी गळ्याखाली, बोटांच्या फटीत, पितांबराच्या चुण्यांत स्प्रेने जी गडद छटा देतात, तीच आपण पॅनलच्या कडांना देतो. ते बंदूक कधीच एका जागी थांबवत नाहीत. हात आधी हलतो, मग रंग सुटतो, आणि हात थांबायच्या आधी रंग थांबतो. एवढं बघून घेतलं तरी माझ्या मते आठवड्याभराचा सराव वाचतो.

लॅकर, ॲक्रिलिक, इनॅमल, ऑइल : काय कशावर मारायचं?

नियम एकच : वरच्या थराच्या थिनरने खालचा थर विरघळता कामा नये. म्हणून तळाला लॅकर, त्यावर ॲक्रिलिक, त्यावर इनॅमल किंवा ऑइल कलर. या क्रमाने गेलात तर वेदरिंग चुकलं तरी इनॅमल थिनरने पुसून टाकता येतं आणि खालचा रंग शाबूत राहतो. वेदरिंग निर्धास्तपणे करता येतं ते याच सोयीमुळे.

तामिया या जपानी कंपनीचे ॲक्रिलिक रंग त्यांच्या एक्स-२०ए थिनरने पातळ होतात, आणि लॅकरच्या लेव्हलिंग थिनरने तर आणखी गुळगुळीत बसतात. व्हॅलेहोसारखे पाण्यातले रंग मात्र लॅकर थिनरमध्ये घातले तर गोळा होऊन नोझल बंद पडतं. दोन्ही डब्यांवर ॲक्रिलिकच लिहिलेलं असतं म्हणून ही गल्लत होते.

इनॅमल वॉशसाठी (वॉश म्हणजे खाचांत सोडायचा अगदी पातळ, गडद रंग) खास वेगळं काही आणायला हवं असं नाही. चित्रकलेच्या दुकानातले साधे ऑइल कलर, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि काळा, आणि बिनवासाचं थिनर एवढ्यावर माझं काम चालतं. ट्यूबमधलं तेल आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तासभर शोषून घ्या, म्हणजे वाळल्यावर चमक राहत नाही.

पावसाळ्यात रंगकाम करावं का?

कोकणात, मुंबईत, जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर आणि मॅट कोट (चमक घालवणारा शेवटचा पारदर्शक थर) मारायची घाई करू नका. लॅकरचं थिनर झपाट्याने उडतं, त्यामुळे पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतलं पाणी ओल्या रंगावर धरतं. वाळल्यावर पांढरट धुकं दिसतं. एका जुलैत, बाहेर झड लागलेली असताना, मी पूर्ण झालेल्या वरच्या कवचावर मॅट कोट मारला आणि दहा मिनिटांत तीन आठवड्यांचं वेदरिंग दुधाळ पडद्याआड गेलं. त्या रात्री झोप लागली नाही.

ते वाचवता येतं. सावकाश उडणारं लेव्हलिंग थिनर अगदी हलकं फवारलं की वरचा थर किंचित सैल होतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं. मॅट कोट पांढरा पडला असेल तर त्यावर ग्लॉसचा पातळ थर मारून बघा, बहुतेक वेळा धुकं नाहीसं होतं. मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट. पावसाळ्याचे महिने जोडणी, घासकाम आणि ऑइल कलरच्या कामाला ठेवा.

फाल्कनचा मूळ रंग नक्की कोणता? पांढरा की करडा?

पांढरट करडा, आणि थोड्या उष्ण छटेचा. निव्वळ पांढरा मारला तर मॉडेल खेळण्यासारखं दिसतं, निळसर करडा मारला तर युद्धनौकेसारखं. माझं मिश्रण असं : तामियाचा एक्सएफ-२ पांढरा आठ भाग, एक्सएफ-५५ डेक टॅन एक भाग, एक्सएफ-१९ स्काय ग्रे एक भाग. पुढे वॉश आणि धूळ यांनी सगळंच एक-दोन छटांनी गडद होतं, म्हणून सुरुवातीला 'जरा जास्तच उजळ झालं' असं वाटलं पाहिजे.

मी खाली गडद तपकिरी प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर) मारतो आणि मूळ रंग एकसलग न मारता प्रत्येक पॅनलच्या मध्यापासून छोट्या वेड्यावाकड्या वळणांनी भरत जातो. रंग खूप पातळ, एक भाग रंगाला दोन भाग थिनर. तीन-चार फेऱ्यांत खालचा तपकिरी जवळजवळ झाकला जातो पण पूर्ण नाही. नंतर मूळ रंगात थोडा पांढरा घालून काही पॅनल, थोडा टॅन घालून दुसरे काही पॅनल वेगळे करतो. फरक इतका कमी ठेवा की बोट दाखवून सांगता येऊ नये, पण काढून टाकला तर चुकल्यासारखं वाटावं.

लाल आणि पिवळे पॅनल स्टिकरने लावू की रंगवू?

रंगवा. किटबरोबर आलेले वॉटर डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे छापील स्टिकर) चांगले असले तरी खोल खाचांवर ताणले जातात, आणि त्यांची खरवड छापील, सगळीकडे सारखीच दिसते.

पॅनलच्या जागी आधी हेअरस्प्रेचे दोन हलके थर द्या. अर्ध्या तासाने मास्किंग टेपने चौकट आखा, एक्सएफ-६४ लालसर तपकिरीत थोडा लाल मिसळून मारा. इथे रंग लॅकर थिनरने पातळ करू नका, एक्स-२०ए किंवा पाणी वापरा, नाहीतर रंग इतका घट्ट बसतो की निघत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी टेप काढा, पॅनलवर ब्रशने पाणी लावा, मिनिटभर थांबा. खालचा हेअरस्प्रे विरघळू लागतो. मग कापलेल्या आखूड केसांच्या ब्रशने कडांना हलकेच टोचा. रंग खपल्यांनी सुटतो, अगदी जुन्या लोखंडी फाटकावरून सुटतो तसा. हे पहिल्यांदा होताना बघण्यात जो आनंद आहे तो मला आजही तसाच होतो.

कडा आणि कोपरे जास्त झिजवा, मध्य कमी. एका ओळीतल्या तीन पॅनलपैकी एक जवळजवळ नवा ठेवा.

वॉश मारताना काय सांभाळायचं? माझा भाग तडकला!

असं माझ्याही बाबतीत झालं आहे. एका जुन्या मॉडेलच्या पायाच्या सांध्यात मी इनॅमल वॉश सढळ हाताने सोडला. सकाळी उठून बघतो तर पाय घोट्यात मोडलेला, यान एका बाजूला कललेलं. दाबून बसवायच्या भागांवर सांध्यात कायमचा ताण असतो. उघड्या प्लॅस्टिकवर थिनर झिरपलं की त्या ताणाच्या जागी प्लॅस्टिक ठिसूळ होऊन फुटतं. एबीएस प्लॅस्टिकवर हा धोका आणखी मोठा.

उपाय तीन. वॉश मारायच्या आधी सगळीकडे प्रायमर, रंग आणि ग्लॉस कोट पोहोचलेला असू द्या, आतल्या बाजूलाही. पायांच्या खिट्ट्या किंचित घासून सैल करा आणि गोंदाने चिकटवा. आणि वॉश ओतू नका. बारीक ब्रशचं टोक खाचेला टेकवा, तो आपोआप धावत जातो.

फाल्कनवर निव्वळ काळा वॉश नको. यंत्रांच्या खड्ड्यांत काळपट तपकिरी, पॅनलच्या रेषांत मध्यम करडा. अर्ध्या तासाने थिनरमध्ये बुडवून टिपलेल्या कापसाच्या काडीने जास्तीचा काढून घ्या.

ओघळ खरे कसे दिसतील?

इथे घाई नको, कारण फाल्कनचं सगळं रूप ओघळांवर उभं आहे.

मॅट किंवा सॅटिन पृष्ठभागावर काम करा. बर्न्ट अंबरचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका खाचेच्या किंवा नळीच्या तोंडाशी ठेवा. दहा मिनिटं जाऊ द्या. मग सपाट ब्रश बिनवासाच्या थिनरमध्ये बुडवून कापडावर इतका टिपा की तो ओला नाही, फक्त दमट राहील. ठिपक्याच्या थोडं वरून सुरू करून एका दमात खाली ओढा. ब्रश पुसा. पुन्हा ओढा. तीन-चार वेळा केल्यावर वर गडद आणि खाली विरून गेलेली रेष उरते. ती जाड वाटली तर दोन्ही बाजूंनी दमट ब्रशने घासून बारीक करा. गंजाचा ओघळ केसाएवढा बारीक झाला तरच या प्रमाणात खरा दिसतो.

आता दिशा. फाल्कन वरून बघितलं तर गोल, मध्ये फुगीर, कडेला उतरतं. पाणी मध्यापासून कडेकडे जाणार, म्हणजे ओघळ चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पसरणार. पुढच्या दोन जबड्यांवर ते बाजूच्या कडांकडे वळतील. मॉडेल हातात सतत फिरवत राहिलात की ही दिशा हमखास चुकते, म्हणून मी ते स्टँडवर ठेवतो आणि स्वतः टेबलाभोवती फिरतो. शंका आली तर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब सोडून बघा कुठे जातो ते.

आणि सगळ्या ओघळांना एकच तपकिरी नको. काही करडे, काही जवळजवळ काळे, एखादा नारिंगीकडे झुकलेला. नारिंगी मोजून तीन-चार जागीच.

खरवड आणि टवके किती मोठे असावेत?

प्रमाण काढून बघा, मग हात आपोआप आखडतो. १/७२ वर एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षात ७.२ सेंटिमीटर. १/१४४ वर तोच १४.४ सेंटिमीटर. म्हणजे छोट्या किटवर तुम्ही ब्रशने सहज उमटवलेला मिलिमीटरभर टवका हा प्रत्यक्षात पसरलेल्या हाताएवढा खड्डा आहे. १/७२ मध्ये उभा माणूस जेमतेम अडीच सेंटिमीटरचा होतो. त्या प्रमाणात कापलेला पुठ्ठ्याचा माणूस यानावर ठेवून बघितला की कुठला टवका अवाजवी मोठा आहे ते लगेच दिसतं.

म्हणून ब्रशऐवजी फोमचा तुकडा. तोडून घ्या, कात्रीने कापू नका, म्हणजे कड ओबडधोबड राहते. रंगात टेकवून कागदावर बहुतेक सगळा उतरवा आणि मग पॅनलच्या कडेला टेकवा. रंग गडद करडा-तपकिरी. चंदेरी टवके मला फाल्कनवर पटत नाहीत, ते यानाला पत्र्याच्या डब्याची कळा आणतात. बारीक ओरखड्यांसाठी टोकदार २बी शिसपेन्सिल उत्तम.

तोफांच्या माऱ्याच्या खुणा?

थोड्या, आणि ओळीत नाहीत. मधोमध लहान काळा ठिपका, भोवती तपकिरी वलय, आणि वलय मागच्या बाजूला किंचित ओढलेलं. एअरब्रशने करत असाल तर रंग पाण्यासारखा पातळ आणि दाब दहा पीएसआय. हात बसलेला नसेल तर काळ्या आणि तपकिरी सॉफ्ट पेस्टलची पूड लहान गोल ब्रशने फिरवा, चुकली तर पुसता येते. दोन खुणा एकमेकींना चिकटून, तिसरी लांब, मग बराच भाग रिकामा, असं ठेवा.

पेस्टलची पूड मॅट कोट मारला की गायब होते. काय करू?

होतेच. वार्निश भुकटीला पारदर्शक करतं. हवी त्यापेक्षा जवळपास दुप्पट गडद लावा, कोट लांबून धुक्यासारखा मारा, वाळू द्या, गरज पडली तर दुसरी फेरी. तबकडी आणि पाय यांच्यावर शेवटची धूळ मी कोटाशिवायच सोडतो. तिथे नंतर हात लावायचा नाही एवढंच.

आत दिवे लावायचे असतील तर रंगकामात काय बदलतं?

जोडण्याआधी प्रत्येक कवचाच्या आतल्या बाजूला आधी काळा आणि त्यावर चंदेरी रंग मारा. काळा प्रकाश अडवतो, चंदेरी तो आत परतवतो. मग अंधाऱ्या खोलीत दिवा लावून बघा. पांढरट प्लॅस्टिकमधून इतक्या ठिकाणी प्रकाश फुटतो की पहिल्यांदा धक्का बसतो. सांध्यांवर आतून ॲल्युमिनियमची टेप लावा. इंजिनासाठी शीत पांढरी एलईडी, आणि तिच्यासमोरच्या पट्टीवर एक्स-२३ पारदर्शक निळ्याचा अगदी पातळ हात. कॉकपिटला उष्ण पांढरी, तीही मंद.

घरात लहान मूल आहे. रंगाचा वास घातक असतो का?

लॅकर आणि इनॅमलची वाफ घातक असते, वास कमी आला तरी. साधा कापडी मास्क किंवा एन९५ धूळ आणि कण अडवतो, वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीच्या कार्ट्रिजचा रेस्पिरेटर घ्या, आणि बाहेर हवा फेकणारा पंखा असलेला स्प्रे बूथ खिडकीशी ठेवा. मूल घरात असताना त्या खोलीत फवारणी करू नका. रंगवलेले भागही वास पूर्ण जाईपर्यंत झोपायच्या खोलीत आणू नका. बजेट अपुरं असेल तर आधी रेस्पिरेटर, मग एअरब्रश.

कुठे थांबायचं?

हाताच्या अंतरावर धरून फोटो काढा आणि तो फोटो दुसऱ्या दिवशी बघा. नजर पहिल्यांदा कुठे जाते? ती यानाच्या आकाराऐवजी एखाद्या डागावर अडकत असेल तर तो डाग निम्मा करा. मोकळ्या जागा मुद्दाम राखा. फाल्कनच्या वरच्या कवचाचा एक-तृतीयांश भाग तरी जवळजवळ शांत असला पाहिजे, नाहीतर गजबजलेले खड्डे उठून दिसत नाहीत.

सगळंच बिघडलं तर रंग काढता येतो का?

तामिया ॲक्रिलिक केमिस्टकडे मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने निघतो. लॅकर सहसा टिकून राहतं, आणि ते चांगलंच, कारण प्रायमर पुन्हा मारावा लागत नाही. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस पेटलेला नको. वेदरिंगचा एखादाच थर आवडला नसेल तर इतकं करायची गरज नाही, इनॅमल थिनर आणि कापूस पुरतो. मात्र त्यावर मॅट कोट बसलेला असला तर तो थर पुसला जाणार नाही.

तयार मॉडेलवर धूळ बसते. ती वेदरिंगमध्ये खपते का?

नाही. खरी धूळ १/१ प्रमाणातली असते आणि यानावर ती बुरशीसारखी दिसते. काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या पेटीत ठेवा, थेट उन्हापासून लांब, कारण उन्हाने पांढरट रंग पिवळा पडतो. पेटी नसेल तर आठवड्यातून एकदा मेकअपच्या मऊ ब्रशने मध्यापासून बाहेर झटका. तबकडी झटकताना तिच्या दांड्याला मागून बोटाचा आधार द्या, माझ्या फाल्कनचा तोच भाग दोनदा चिकटवावा लागला आहे.